स्कॅनर कोणाच्या नावाचा?

गेल्या रमजानमधली गोष्ट. अस्रची नमाज झाली की आमच्या गल्लीतल्या खालांच्या ओट्यासमोर गर्दी व्हायची. त्यांचे खिमा समोसे आल्याशिवाय निम्म्या मोहल्ल्याचा दस्तरखान पुरा होत नाही. ओट्याच्या खांबाला स्कॅनर चिकटवलेला. मी शंभर रुपये पाठवले, तर खाला म्हणाल्या, "थांब बेटी, थोरल्याला विचारते आले का."

थोरला पुण्याला नोकरीला. स्कॅनर त्याच्या खात्याचा, मेसेज त्याच्या फोनवर. तो मीटिंगमध्ये असला की फोन उचलत नाही. मग गिऱ्हाईक घाईघाईने आपल्या मोबाईलची हिरवी खूण दाखवते, "खाला, गेले बघा," आणि निघून जाते. आता तशीच खूण दाखवणारी नकली अ‍ॅपेही निघाली आहेत. रात्री खाला हिशेबाला बसत, तेव्हा परात रिकामी आणि पैशांचा मेळ नाही.

खरा घोळ ईदच्या आधी झाला. नातींच्या कपड्यांसाठी त्यांनी पैसे मागितले, तर त्या खात्यातून मुलाच्या मोटारसायकलचा हप्ता आपोआप कापून गेला होता. मुलगा वाईट नाही हो. दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. पण महिनाभर रोजा ठेवून चुलीपुढे उभी राहिली ती आई, आणि पैसे मागायची वेळही तिच्यावरच आली. बाईची कमाई बाईची, हे आपल्याकडे तोंडाने सगळेच सांगतात. स्कॅनर लावताना मात्र कोणाला आठवत नाही.

यूपीआय 2016 च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि सुट्ट्या पैशांना महाग झालेल्या लोकांनी मोबाईल हाती घेतला. 2025 च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात 2000 कोटींवर व्यवहार झाले. खालांच्या ओट्यावरचे दहा-वीस रुपयेही त्यातच आले. पण स्कॅनरचा कागद म्हणजे नुसता पत्ता. पैसे जातात त्यामागच्या बँक खात्यात, आणि ते खाते ज्याचे त्याचीच मालकी.

म्हणून बहिणींनो, घरून मेंदी, शिलाई, डबे, मसाले काहीही करत असाल तर आधी स्वतःच्या नावाचे खाते पाहा. जनधन खात्याला किमान शिलकीची अट नाही. त्याला जोडलेला मोबाईल नंबर तुमच्याच सिमचा हवा. पुष्कळ घरांत बाईच्या खात्याला नंबर नवऱ्याचा असतो. तो बदलायला बँकेत एक चक्कर पडते, ती मारा. पॅन आणि आधार जवळ असू द्या, स्कॅनर मिळायला अडचण येत नाही. गिऱ्हाइकाने बँक खात्यातून यूपीआयने दिलेल्या पैशांवर 2020 पासून दुकानदाराला शुल्क पडत नाही. बोलणाऱ्या डब्याचे मात्र भाडे असते, किती ते आधी विचारा.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असे कोणी म्हणाले की फोन ठेवून द्या. फसलातच तर लाजत बसू नका, लगेच 1930 वर कळवा.

धंद्याचे खाते वेगळे ठेवा. 2025 च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयची जमा पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बेंगळुरूत कित्येकांनी स्कॅनर काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. त्याने काय होणार? उलाढालीत रोखही धरतातच. मालाच्या विक्रीला वर्षाला 40 लाख आणि सेवेला 20 लाख ही नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा, आपले समोसे तिथवर कुठले पोहोचायला! पण भावाने पाठवलेले पैसे, भिशी, उसनवारी सगळे एकाच खात्यात आले, तर धंद्याचे कोणते हे सांगताना नाकी नऊ येतात. आणखी एक. जमा वाढली की अ‍ॅपवर 'लगेच कर्ज' असे आमिष येते, रोजच्या गल्ल्यातून हप्ता कापणारे. व्याजाचा तो फास बोट लावण्याआधी घरात बोलून घ्या.

ईदनंतर खालांना घेऊन मी बँकेत गेले. नंबर बदलायला दोन खेपा झाल्या, कारण आधारवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव जुळेना. आता खांबाला त्यांच्या नावाचा स्कॅनर आहे आणि ओट्यावर मराठीत बोलणारा डबा. थोरल्याने पहिल्या आठवड्यात जरा तोंड फुगवले, मग त्यानेच डब्याचे भाडे भरले.

पिन मात्र खाला धाकट्या नातीला विचारून टाकतात. तो पाठ करून घ्यायचे काम माझ्याकडे आहे.