ठिपके ज्यांचे, त्यांना वर्गात बोलवा

हस्तकलेच्या तासाशी माझे जुने भांडण या सदराच्या वाचकांना माहीत आहे. या आठवड्यात ते मेलबर्नपर्यंत पोहोचले. भाचीची मुलगी तिथे तिसरीत शिकते. तिच्या शाळेत जुलैमध्ये ‘नायडॉक’ सप्ताह झाला. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक यांच्या संस्कृतीचा हा सप्ताह. मुलांना कासवाचे छापील चित्र दिले, कान कोरायच्या काड्या दिल्या, ठिपके भरून घेतले. ठिपके कोणाचे, त्यात गोष्ट कोणती, हे पोरीला सांगता येईना. तिचा काय दोष? शिकवायला त्या समाजातले कोणीच नव्हते.

ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांच्या अडीचशेहून अधिक भाषा होत्या आणि चित्रांच्या तऱ्हाही अनेक. ठिपक्यांची चित्रे मध्य वाळवंटातली. अर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर बारीक रेषांची जाळी काढतात. मेलबर्न ज्यांच्या भूमीवर वसले, ते वुरुंजेरी लोक पॉसम या प्राण्याच्या कातड्याच्या पांघरुणावर नक्षी कोरत. म्हणजे पोरगी दूरच्या वाळवंटाची खूण गिरवून आली आणि पायाखालच्या जमिनीची गोष्ट तिला कोणी सांगितलीच नाही. याचाच मला राग येतो.

आणि त्या ठिपक्यांचा इतिहास तर शाळेतूनच सुरू होतो! अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या नावाची वस्ती आहे. सरकारने वेगवेगळ्या समूहांच्या लोकांना तिथे एकत्र आणून वसवले होते. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन हे चित्रकला शिक्षक तिथे आले. मुले वर्गात सिनेमातले काउबॉय काढत. पण बाहेर वाळूत बोटांनी त्यांच्या स्वतःच्या खुणा उमटत. त्या खुणा कागदावर आणा, असे बार्डन यांनी सांगितले. मग वस्तीतले ज्येष्ठ पुरुष पुढे आले आणि शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची पूर्वजकथा रंगवली गेली. सुरुवातीला मुंग्या हुबेहूब काढल्या होत्या. बार्डन यांनी विचारणा केल्यावर त्या पुसून ज्येष्ठांनी आपल्या परंपरेची खूण काढली. पवित्र गोष्टी परक्यांच्या नजरेपासून झाकायलाही पुढे ठिपके कामी आले.

ती भिंत काही वर्षांतच रंग फासून पुसली गेली. हे वाचल्यापासून माझे मन ठिकाणावर नाही. पण १९७२ मध्ये त्या कलावंतांनी स्वतःच्या मालकीची ‘पापुन्या तुला’ कंपनी उभी केली आणि जगभरच्या संग्रहालयांत ती चित्रे पोहोचली.

पैसा मात्र भलतीकडे गेला. त्यांच्यातलेच एक चित्रकार क्लिफर्ड पॉसम यांचे १९७७ चे ‘वार्लुगुलाँग’ हे चित्र तेव्हा १,२०० डॉलरला विकले गेले आणि एका बँकेच्या उपाहारगृहात लागले. २००७ मध्ये त्याला २४ लाख डॉलर आले. तोवर पॉसम जाऊन पाच वर्षे झाली होती. पुनर्विक्रीत कलावंताला पाच टक्के देणारा कायदा २०१० मध्ये लागू झाला.

अर्थ न सांगता नुसते गिरवणे आपल्याकडे वारली चित्रांच्या बाबतीतही चालले आहे. लग्नात सवाशिणी लिहितात तो चौक मुलांना कोणी समजावत नाही, उशीच्या अभ्र्यावर मात्र सगळे गिरवतात.

मेलबर्न-सिडनीतल्या मराठी आईबापांना माझी विनंती आहे. शाळेला पत्र लिहा. पुढच्या सप्ताहात त्या भूमीच्या समाजातल्या कलावंताला बोलवायला सांगा आणि त्याला पूर्ण मानधन द्यायला लावा.