विहिरीचा धनी कोण?

बायबलांतील विहिरींविषयीं बोलतांना आमचे उपदेशक मित्र बहुधा घाई करतात. विहिरीचें नांव निघालें न निघालें तोंच ते तिचें रूपक करून टाकतात. पाणी म्हणजे कृपा, घडा म्हणजे हृदय, तहान म्हणजे आत्म्याची तळमळ! मग खरें पाणी, खरा दोर आणि दोर ओढून सोललेले हात यांचा पत्ताच राहत नाहीं. ज्या लोकांनीं या कथा प्रथम सांगितल्या, त्यांस पाणी ही आधीं पिण्याची वस्तु होती. रूपक मागाहून आलें. त्या मूळच्या पाण्याकडे पाहिलें म्हणजे या कथांत एक प्रश्न पुनः पुन्हां उभा राहिलेला दिसतो. विहीर कोणाची, आणि तिच्या कांठावरून कोणास हांकलून देतां येतें?

तो देश कसा होता हें प्रथम पाहूं. अनुवादाच्या पुस्तकांत मोशे आपल्या लोकांस बजावतो कीं, मिसरांत शेतास स्वतःच्या श्रमानें पाणी देतां येत असे. नव्या देशांत मात्र तें आकाशांतून पडेल तेव्हांच. दक्षिणेस बैरशेब्याकडे वर्षाकाठीं सरासरी आठ इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि उन्हाळ्याचे चार-पांच महिने कोरडे जातात. म्हणून इब्री भाषेंत ‘बेएर’ आणि ‘बोर’ हे दोन शब्द निरनिराळे आहेत. ‘बेएर’ म्हणजे जिवंत पाण्यापर्यंत खणलेली विहीर, आणि ‘बोर’ म्हणजे पावसाचें पाणी सांठविण्याचें खडकांतलें टाकें. टाक्यास भेग गेली कीं वर्षाचें पाणी गेलें. यिर्मया संदेष्ट्यानें लोकांस फुटक्या टाक्यांचा दाखला देऊन दोष दिला, तो ऐकणारांस समजावून सांगावा लागला नसेल. तेल बैरशेबा येथील उत्खननांत वेशीजवळ जी प्राचीन विहीर सांपडली, ती सुमारें २२५ फूट खोल आहे. यरुशलेमाच्या वायव्येस गिबोन येथें जेम्स प्रिचर्ड यांनीं १९५६ सालीं उत्खननास आरंभ केला, तेव्हां खडकांत कोरलेला सुमारें ३७ फूट व्यासाचा हौद व पाण्यापर्यंत उतरणाऱ्या ७९ पायऱ्या उघड्या झाल्या. आपल्याकडील बारवा पाहिलेल्या वाचकांस त्याची कल्पना सहज येईल. असें पाणी काढणें हें एका माणसाचें काम नव्हे. तें कुटुंबाचें, कधीं गांवाचें, कधीं पिढ्यांचें काम असतें.

म्हणूनच खणणाराचा हक्क मोठा. अब्राहामाची विहीर अबीमलेख राजाच्या चाकरांनीं बळकावली, तेव्हां त्यानें राजासमोर तक्रार मांडली आणि ती विहीर आपण खणली याची साक्ष म्हणून सात कोंकरें वेगळीं काढून दिलीं. बैरशेबा या नांवांत ‘सात’ आणि ‘शपथ’ हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे गांवाचें नांवच पाण्याचा करारनामा होय! परंतु अब्राहाम वारला आणि करारनामा पुसला गेला. पलिष्ट्यांनीं त्याच्या विहिरी मातीनें बुजवून टाकल्या. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. त्यांनीं त्या विहिरींचें पाणी चोरलें असतें तर निदान तहानेची सबब सांगतां आली असती. ज्या देशांत थेंब थेंब मोजावा लागतो तेथें भरल्या विहिरींत माती लोटावयाची, याचा अर्थ इतकाच कीं, शेजाऱ्याची गुरें तेथें यावयाचीं असतील तर आमचींहि तहानलेलीं राहिलेलीं बरीं. पुढें मवाबाशीं झालेल्या युद्धांत इस्राएलाच्या सैन्यानेंहि शत्रूचे झरे असेच बुजविले, हें त्यांच्याच ग्रंथानें नोंदून ठेवलें आहे. तेव्हां हा दोष एकट्या पलिष्ट्यांच्या माथीं मारतां येत नाहीं.

इसहाकानें त्या विहिरी पुन्हां उकरल्या आणि बापानें ठेवलेलीं नांवेंच त्यांस दिलीं. नवी विहीर खणली, तिला जिवंत पाणी लागलें. लगेच गराराचे गुराखी म्हणूं लागले कीं, पाणी आमचें. तिचें नांव त्यानें ‘एसेक’ म्हणजे भांडण असें ठेवलें. दुसरी खणली, तिजवरहि तंटा. ती ‘सितना’ म्हणजे वैर. तिसरीवर कोणी आलें नाहीं, तेव्हां ती ‘रहोबोथ’ म्हणजे मोकळी जागा. इसहाकाच्या सोशिकपणाची स्तुति पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यहि आहे. तथापि त्यास पुढें सरकावयास जागा होती, ही गोष्ट ती स्तुति करणारे विसरतात. ज्यास तिसरी विहीर खणावयास भूमीच नाहीं, त्यास सोशिकपणा शिकविणें सोपें आहे. त्यास पाणी देणें अवघड आहे.

सामाईक विहिरीचा रिवाजहि या ग्रंथांत दिसतो. हारानाजवळच्या विहिरीच्या तोंडावर मोठा धोंडा असे, आणि सर्व कळप जमल्याखेरीज तो सारावयाचा नाहीं अशी वहिवाट होती. एकानें आधीं येऊन उपसा करूं नये, एवढाच त्याचा हेतु असावा. उघडा खड्डा झांकला नाहीं व त्यांत कोणाचा बैल किंवा गाढव पडलें, तर खड्ड्याच्या धन्यानें भरपाई करावी, असा कायदा निर्गमांत आहे. म्हणजे मालकी होती, परंतु तिच्याबरोबर जबाबदारीहि होती.

आतां ज्यांच्या खांद्यावर हें सारें पाणी चढत होतें त्यांजविषयीं. रिबकेची कथा सोयरिकीची गोड गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण हिशेब करून पहावा. तहानलेला उंट एका वेळीं शंभर लिटर पाणी पिऊं शकतो. आपण निम्में धरूं. दहा उंटांचें पांचशें लिटर झालें. घडा पंधरा लिटरांचा मानला तरी तीसांहून अधिक खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेस खालीं उतरावयाचें, भरावयाचें, वर येऊन डोणींत ओतावयाचें. (अब्राहामाच्या काळीं तेथें पाळीव उंट नव्हते, असें आजच्या पुराणवस्तुशोधकांचें मत आहे, परंतु ज्यानें कथा सांगितली त्यास बाईच्या श्रमाचें माप पक्कें ठाऊक होतें.) तेवढा वेळ तो पाहुणा मुकाट्यानें उभा राहून पाहत होता, असेंहि ग्रंथ सांगतो. मिद्यानांत तर याजकाच्या सात मुलींनीं पाणी शेंदून डोणी भरल्यावर धनगर येऊन त्यांस हांकून लावीत. मोशे मध्यें पडला म्हणून त्या दिवशीं त्या लवकर घरीं पोंचल्या. बापानें आश्चर्यानें कारण विचारलें, यावरून रोजचा प्रकार काय होता तें उघड आहे.

शेवटीं शोमरोनांतील याकोबाच्या विहिरीकडे येऊं. ही विहीर नाब्लुसजवळ एका ग्रीक ऑर्थोडॉक्स देवळांत आजहि दाखवितात. भर दुपारीं एकटी पाणी भरावयास आलेल्या स्त्रीजवळ येशू पाणी मागतो, आणि ती चकित होऊन विचारते कीं, तूं यहूदी असून शोमरोनी बाईजवळ पाणी कसें मागतोस? योहान तेथें खुलासा करतो कीं, या दोन समाजांत व्यवहार नव्हता. कित्येक भाष्यकार त्या शब्दाचा अर्थ ‘एका भांड्यांत खाणेंपिणें नव्हतें’ असा करतात. पंडिता रमाबाईंनीं मूळ भाषांवरून सबंध बायबल मराठींत आणलें; तें १९२४ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालें. त्या मराठी वाचकास या ओळीवर टीप लागली नसेल. जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा हौद १८६८ सालीं अस्पृश्यांस खुला केला होता. पुढें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले, त्याबद्दल लोकांनीं मार खाल्ला, आणि तळें खासगी नाहीं हें उच्च न्यायालयाकडून वदवून घ्यावयास १९३७ साल उजाडलें. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत विहिरी व तळीं यांचा नांवानिशीं उल्लेख करावा लागला, तो उगीच नव्हे.

त्या शोमरोनी स्त्रीनें शेवटीं पाणी दिलें कीं नाहीं, हें योहान सांगत नाहीं. घडा तेथेंच टाकून ती गांवांत गेली, एवढें सांगतो. पण गांवकऱ्यांनीं येऊन त्या यहूदी पाहुण्यास राहण्याची विनंति केली, आणि तो त्यांच्याकडे दोन दिवस राहिला. त्या दोन दिवसांत तो कोणाच्या घरीं जेवला आणि कोणाच्या भांड्यांतून पाणी प्याला, हें रूपक करणाऱ्या आमच्या मित्रांनीं एकदां आपल्या श्रोत्यांस विचारावें.