ढगात पाणी आहे की बर्फ?



आषाढ सरत येतो, तूर-उडीद माना टाकू लागतात आणि कुर्डुवाडीच्या आभाळातून ढगांचे कळप नुसतेच पूर्वेकडे निघून जातात. हे आपल्याला नवे नाही. अशा वेळी पारावर एक प्रश्न हटकून निघतो : "साहेब, ढग तर डोक्यावर आहेत, मग विमानाने औषध मारून पाऊस का पाडत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर देण्याआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो. त्या ढगात आहे काय, पाणी की बर्फ?

पाणी शून्य अंशाला गोठते, असे आपण शाळेत शिकलो. पावसाळ्यात जमिनीपासून साधारण पाच किलोमीटरच्या वर हवा शून्याखाली जाते. मग त्याच्या वरचे ढग बर्फाचेच असणार, असे कोणालाही वाटेल. पण तसे नसते. ढगातले बारीक थेंब शून्याखाली दहा-वीस अंशांवरही पाणीच राहू शकतात. दुधाचे तसेच आहे. विरजण लावल्याशिवाय दही लागत नाही. या थेंबांनाही गोठण्यासाठी धुळीसारखा एखादा योग्य कण लागतो. तो मिळाला नाही, तर उणे अडतीस अंशांच्या आसपास गेल्यावरच ते आपोआप गोठतात.

सिल्व्हर आयोडाइडची भुकटी हे या थंड थेंबांचे विरजण आहे, हे अमेरिकेत बर्नार्ड व्हॉनेगट यांनी 1946 साली दाखवले. थंड ढगात पाणी शिल्लक असेल तरच ते कामाचे. ढगाचे आधीच बर्फ झाले असेल, तर लागलेल्या दह्यात पुन्हा विरजण घालण्यासारखे होईल. विमानाचा खर्च मात्र तेवढाच.

मग खालून ओळखायचे कसे? थर्मामीटर ढगाचे तापमान सांगेल, पण पाणी की बर्फ हे सांगणार नाही. इथे प्रकाश कामी येतो.

कासऱ्याचे एक टोक खुंटीला बांधा आणि दुसरे हातात धरून वर-खाली हलवा. लाट वर-खाली जाते. मध्ये खिडकीचे उभे गज असले, तरी ती त्यातून निघून जाते. तोच कासरा आडवा हलवला, तर लाट गजांना अडते. प्रकाशाच्या लाटाही अशाच सर्व दिशांनी हलत असतात. त्यातली एकच दिशा निवडून घेतली, की त्याला ध्रुवीकृत प्रकाश म्हणतात.

लायडर नावाचे यंत्र असा एकाच दिशेने हलणारा लेसरचा झोत ढगावर सोडते आणि परत आलेला प्रकाश दोन डोळ्यांनी पाहते. एका डोळ्यापुढे उभे गज आहेत, दुसऱ्यापुढे आडवे, असे समजा. पाण्याचा बारीक थेंब सगळीकडून सारखा गोल असतो, म्हणून त्याच्यावरून सरळ मागे फिरलेला प्रकाश आपली दिशा सोडत नाही. बर्फाचा कण सहा कोनांचा, धारदार असतो. त्याच्या आत प्रकाश इकडेतिकडे आपटून वळतो आणि बराचसा दुसऱ्या डोळ्याला दिसतो. दुसरा डोळा उजळला तर बर्फ, अंधारात राहिला तर पाणी. शॉटलँड, सॅसन आणि स्टोन या शास्त्रज्ञांनी 1971 साली ही परीक्षा मांडली. 2006 ते 2023 या काळात कॅलिप्सो या उपग्रहाने अवकाशातून हेच काम केले, आणि 2024 साली सोडलेला अर्थकेअर हा उपग्रहही असेच यंत्र घेऊन गेला आहे.

या परीक्षेलाही मर्यादा आहेत. बर्फाचे चपटे कण आडवे तरंगत असले, तर ते आरशासारखा प्रकाश परत फेकतात आणि यंत्राला फसवतात. म्हणून झोत थोडा तिरका सोडतात. दाट पावसाळी ढगात तर प्रकाश फार आत शिरतच नाही. तिथे रडारच्या लहरी लागतात, नाहीतर विमान ढगात नेऊन मोजावे लागते.

आपल्याच सोलापुरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2018 आणि 2019 साली असा प्रयोग केला. एक विमान फवारणीचे, दुसरे मोजणीचे. फवारले ते सिल्व्हर आयोडाइड नव्हे, तर कॅल्शियम क्लोराइड हे ओलावा ओढणारे क्षार, कारण ढगाच्या खालच्या उबदार भागात पाणीच असते आणि तिथे थेंब मोठे करायचे असतात. 2023 साली निष्कर्ष आले. काही ठिकाणी पाऊस 46 टक्क्यांपर्यंत वाढला, तर वाऱ्याच्या दिशेच्या शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी 18 टक्के.

हा आकडा नीट समजून घ्या. 20 मिलिमीटर पडणार असेल तिथे साडेतेवीस पडेल. ज्वारीच्या ओलीला तेवढ्यानेही फरक पडतो. पण शून्याचे 18 टक्के शून्यच! कोरड्या आभाळातून कोणतेही विमान पाऊस आणत नाही. म्हणून त्या भरवशावर पेरणी धरू नका. शेततळे, बांधबंदिस्ती आणि कोळपणी ही आपली हक्काची ओल आहे.

शेवटी घरच्या घरी करण्याची एक परीक्षा सांगतो. मुलांनाही दाखवा. चंद्राला खळे पडले, की हात पूर्ण लांब करून वीत ताणा आणि अंगठ्याचे टोक चंद्रावर ठेवा. करंगळीचे टोक खळ्यापाशी पोचले, तर वरचा पातळ ढग बर्फाच्या कणांचा. चंद्राला अगदी चिकटून रंगीत तेजाचे लहान कडे दिसले, तर ते बहुधा पाण्याच्या थेंबांचे. ही परीक्षा चंद्रावरच करा, सूर्याकडे पाहून कधीही करू नका.