स्टार्टर रुसला म्हणजे

खुंटी ओढावी किंवा किल्ली फिरवावी, आणि इंजिनानें हुंकारही देऊं नये, असा प्रसंग जुनी मोटार बाळगणाऱ्या घरांत केव्हांना केव्हां येतोच. मग शेजारचीं चार माणसें जमतात आणि गाडीला हात लावण्यापूर्वींच निकाल देतात, ‘‘स्टार्टर गेला !’’ दुरुस्तीच्या कारखान्यांतही पुष्कळदां हाच निकाल कायम होतो, व चांगली मोटर काढून तिच्या जागीं कोठली तरी दुसरी बसविली जाते. साठ-सत्तर वर्षांच्या गाडीचा मूळ भाग असा भंगारांत गेला, कीं पुन्हां मिळणें दुरापास्त. म्हणून निकालापूर्वीं थोडी चौकशी व्हावी.

उदाहरणादाखल मॉरिस मायनर घेऊं. अलेक इसिगोनिस ह्यांनीं आंखलेली ही गाडी १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. आपल्या देशांत ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून जी निघाली ती हिचाच अवतार. हिचा स्टार्टर म्हणजे १२ व्होल्टांच्या बॅटरीवर चालणारी, आकारानें लहान पण भुकेनें मोठी अशी विजेची मोटर. तिच्या दांड्यावर आटे असून त्यांवर एक लहान दांतेरी चाक, म्हणजे पिनियन, बसविलेलें असतें. मोटर एकाएकीं गरगरली कीं हें चाक जडत्वामुळें मागें राहतें व आट्यांवरून सरकत फ्लायव्हीलच्या दांत्यांत शिरतें; इंजिन सुरू झालें म्हणजे फ्लायव्हीलच त्याला परत बाहेर ढकलतें. ह्या कामीं क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. इतक्या प्रवाहाच्या वाटेंत कोठेंही गंज असला, तर मोटर निर्दोष असूनही उपाशी राहते.

परीक्षा दोघांनीं मिळून करावी. गीअर सुटा ठेवून हँडब्रेक ओढावा, समोरचे दिवे लावावे. एकानें स्टार्टर चालवावा व दुसऱ्यानें दिव्यांकडे पाहावें. घरांतील मुलामुलींना हें काम आवडतें, आणि त्यांचे डोळेही आपल्याहून चांगले असतात. दिवे अगदीं विझले तर बॅटरीच्या टोंकांवरचा जोड सैल किंवा गंजलेला समजावा. दिव्यांत कांहींच फरक पडला नाहीं, तर प्रवाह मोटरींत शिरतच नाहीं. दोष स्विचांत, सोलेनॉईडमध्यें अथवा मोटरीच्या झिजलेल्या कार्बन ब्रशांत असावा. मोटर गरगरते पण इंजिन हालत नाहीं, असें असल्यास पिनियन आट्यांवर अडकलें आहे. तें काढून रॉकेलनें धुवावें. तेल मात्र घालूं नये. तेलाला क्लचची धूळ चिकटते आणि आठवड्याभरांत पुन्हां तेंच रडगाणें. ‘खट्’ असा आवाज होऊन दिवे मंद झाले व सारें थांबलें, तर पिनियन फ्लायव्हीलमध्यें रुतलें असण्याचा संभव फार. इग्निशन बंद करून गाडी वरच्या गीअरमध्यें घालावी व मागें-पुढें हलवावी. बहुधा तेवढ्यानें सुटतें.

आवाज न होतां दिवे नुसतेच मंद होत असतील, तर प्रथम बॅटरी तपासावी. स्वस्थ असतांना ती साडेबारा व्होल्टांच्या आसपास दाखवील. स्टार्टर ओढतांच आकडा दहाच्या बराच खालीं गेला, तर ती बहुधा अशक्त झाली आहे. बॅटरी चांगली असून इंजिन कण्हत फिरत असेल, तर एका उपेक्षित वस्तूकडे पाहावें. मायनरचें इंजिन रबराच्या बैठकींवर बसलेलें असतें, आणि रबरांतून वीज जात नाहीं. म्हणून इंजिन व सांगाडा ह्यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. ती तुटली वा गंजली कीं बिचारा प्रवाह परतीची वाट शोधीत भलत्याच मार्गानें, पुष्कळदां चोकच्या तारेंतून, जाऊं लागतो. स्टार्टर चालवितांना चोकची तार तापली, तर दुसरा पुरावा शोधण्याचें कारणच नाहीं. तरीही खात्री हवी असल्यास कॉइलची बारीक तार सोडून, म्हणजे इंजिन सुरू होणार नाहीं अशी व्यवस्था करून, व्होल्टमीटरचें एक टोंक बॅटरीच्या अर्थिंगच्या टोंकाला व दुसरें इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला लावावें. स्टार्टर फिरवितांना अर्ध्या व्होल्टाहून अधिक आकडा दिसला, तर दोष ह्याच वाटेंत आहे. पट्टी काढून दोन्ही बाजूंचें लोखंड चकचकीत घासावें. ज्या कामासाठीं सबंध मोटर बदलण्याचा बेत चालला होता, तें असें कधीं कधीं कानशीच्या दहा फटकाऱ्यांत होतें !

हें सर्व पाहूनही गुण आला नाहीं, तर मोटर काढावी. पण ती देतांना मूळ कवच परत हवें असें स्पष्ट बजावावें. आंतले ब्रश व बुश बदलतां येतात, गुंडाळीही नवी करितां येते. मोटर काढण्यापूर्वीं बॅटरीच्या अर्थिंगची तार आधीं सोडावी. मायनरमध्यें ती मुळांत धन टोंकाची असते. आजकालच्या गाडीच्या संवयीनें ऋण टोंक तेंच अर्थिंग, असें गृहीत धरूं नये.