एक सूर की अनेक सूर?

अंगणात झाडलोट करताना मंगळसूत्राची वाटी तुटून पडते. शेताच्या बांधावर भांगलताना बोटातली अंगठी निसटते. घरभर शोधाशोध होते, माती चाळून होते, आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘ते मेटल डिटेक्टरचं यंत्र मिळतं ना, तेच आणू या!’ यंत्र येतं. वाटी सापडते किंवा सापडत नाही, पण घरातल्या कर्त्या पुरुषाला किंवा शाळकरी मुलाला नवा छंद मात्र नक्की लागतो.

परदेशात हा छंद जुना आहे. आपल्याकडे तो आता ऑनलाइन खरेदीच्या वाटेने घरात शिरतोय. दुकानाच्या पानावर पहिलाच पेच पडतो तो ‘सिंगल फ्रिक्वेन्सी’ आणि ‘मल्टी फ्रिक्वेन्सी’ या दोन शब्दांचा. दुसरं यंत्र महाग, म्हणजे ते चांगलंच असणार, असा सरळ हिशेब मांडून पैसे मोजले जातात. हिशेब तितका सरळ नाही.

यंत्राचं तत्त्व शंभर वर्षांहून जुनं आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असंच यंत्र बनवलं होतं. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला, असं सांगतात. आजच्या यंत्राच्या थाळीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की खालच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, आणि त्यांचा क्षीण प्रतिसाद दुसरं वेटोळं टिपतं. ही वीज सेकंदाला किती पूर्ण आवर्तनं करते, ती फ्रिक्वेन्सी. आठ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आठ हजार आवर्तनं.

चांदीचा जाड रुपया, तांब्याची पळी अशा वस्तूंना खालचा सूर मानवतो. पाच ते आठ किलोहर्ट्झवर त्या छान ‘बोलतात’. नाकातली चमकी, कानातल्याची फिरकी असला सोन्याचा बारीक ऐवज मात्र खालच्या सुराला दाद देत नाही. त्याला पंधरा, वीस, कधी चाळीस किलोहर्ट्झचा वरचा सूर लागतो. सिंगल फ्रिक्वेन्सीचं यंत्र एकच सूर लावून बसतं. गॅरेट कंपनीचं ‘एस ३००’ आठ किलोहर्ट्झवर चालतं, त्याच कंपनीचं ‘एटी प्रो’ पंधरावर. दोन्ही नावाजलेली यंत्रं. फक्त दोघांचे कान वेगवेगळ्या पट्टीत तयार झालेले.

मल्टी फ्रिक्वेन्सीचं यंत्र अनेक सूर एकाच वेळी लावतं आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी ताडून पाहतं. ही कल्पनाही कालपरवाची नाही. ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅब कंपनीने १९९१ च्या सुमारास ‘सॉव्हरिन’ हे यंत्र काढलं, तेव्हा दीड ते साडेपंचवीस किलोहर्ट्झपर्यंतचे सतरा सूर त्यात असल्याचा तिचा दावा होता. पुढे २०१८ मध्ये त्याच कंपनीचं ‘इक्विनॉक्स’ बाजारात आलं आणि चढाओढ सुरू झाली. २०१९ च्या ‘व्हॅन्क्विश’ मालिकेतलं सर्वात लहान यंत्र अमेरिकेत दोनशे डॉलरच्या आत मिळू लागलं, म्हणजे अनेक सूर ही आता केवळ श्रीमंतांची चैन उरलेली नाही. आपल्या दारात येईपर्यंत त्यावर वाहतूक, जकात आणि विक्रेत्याचा नफा चढतो, हा भाग वेगळा.

मग अनेक सुरांचा खरा फायदा कुठे? समुद्रावर! खारी ओली वाळू स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे एकसुरी यंत्र पाण्याजवळ गेलं की उगाच किंचाळू लागतं. ते गप्प करायचं तर संवेदनक्षमता उतरवावी लागते, आणि तिच्याबरोबर खोलीही जाते. अनेकसुरी यंत्र मिठाचा आवाज ओळखून तो वजा करतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर इल्मेनाइटची काळी रेतीही आहे. गणपतीपुळ्याला किंवा मालवणला ओल्या वाळूत हरवलेली अंगठी शोधायची असेल, तर जास्तीचे पैसे वाया जाणार नाहीत.

आता म्हैसूरच्या हेब्बाळला चला. तळ्याच्या नावाने ओळखला जाणारा हा भाग आता उद्योगवसाहत, इन्फोसिसचं अवाढव्य आवार आणि भोवतालच्या लेआऊटमधली नवी घरं असा आहे. पुण्या-कोल्हापुराकडून नोकरीसाठी तिथे गेलेल्या एखाद्या मराठी घरात हे यंत्र आलं, तर ते कुठे फिरणार? समुद्र घाट उतरून बराच लांब. घराभोवतीची जमीन लाल माती, बांधकामाचा राडारोडा, खिळे, बोल्ट, बाटल्यांची बुचं आणि बांधणीच्या तारांचे तुकडे यांनी भरलेली. अशा ठिकाणी सुरांच्या संख्येपेक्षा थाळीचा आकार मोलाचा. मोठी थाळी एकाच वेळी पाच खिळे आणि एक अंगठी पाहते आणि गोंधळते. पाच-सहा इंचांची छोटी थाळी त्यांच्या मधून वाट काढते. पंधरा किलोहर्ट्झच्या आसपासचं, मातीशी जुळवून घेण्याची म्हणजे ग्राउंड बॅलन्सची सोय असलेलं एकसुरी यंत्र आणि एक जादा छोटी थाळी, एवढ्यावर हेब्बाळच्या परसातलं काम भागतं. शिवाय वसाहतीतल्या विजेच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या सान्निध्यात अनेकसुरी यंत्रं कधी कधी फार कुरकुरतात. म्हणून तर बऱ्याच महागड्या यंत्रांतही एकच सूर निवडण्याचं बटण दिलेलं असतं.

परदेशी माहितीपत्रकात न सापडणारी आणखी एक गंमत. तिकडचे छंदिष्ट लोखंड वगळण्याचं बटण दाबून फिरतात. आपल्याकडे १९८८ पासून पंचवीस आणि पन्नास पैसे, १९९२ पासून रुपया अशी नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची निघू लागली. बटण दाबलं की खिळ्यांबरोबर ही नाणीही गप्प होऊ शकतात. त्यात फार नुकसान नाही म्हणा! नुकसान होतं ते दुसऱ्या बटणाने. अॅल्युमिनियमची चांदी आणि सोन्याची नाजूक अंगठी यंत्राच्या पडद्यावर जवळपास सारखेच आकडे दाखवतात. गोळ्या-चॉकलेटचे कागद नकोत म्हणून तो आकडा वगळणारा माणूस अंगठीही वगळून पुढे जातो. इथे एक सूर आणि अनेक सूर दोन्ही सारखेच हतबल. खणून पाहण्याला पर्याय नाही.

आणि साखळी? बारीक सोनसाखळीची प्रत्येक कडी यंत्राला सुटी दिसते, अख्खी साखळी दिसतच नाही. आवाज येतो तो बहुधा फाशाचा किंवा पदकाचा. मंगळसूत्राच्या बाबतीत वाट्या शोधायच्या, सर नव्हे.

यंत्र घरात आलं की नजर हळूहळू परसापलीकडे जाते, आणि खरी जोखीम तिथून सुरू होते. हेब्बाळहून श्रीरंगपट्टण काही फार लांब नाही. १७९२ साली हरिपंत फडक्यांची मराठी फौज कॉर्नवॉलिससोबत त्या किल्ल्यासमोर होती, आणि १७९९ मध्ये टिपू तिथेच पडला. शिवमोग्गा जिल्ह्यात नगरच्या किल्ल्यातल्या एका कोरड्या विहिरीतून २०१८ मध्ये त्या काळातले हजारावर लोखंडी अग्निबाण निघाले. हे वाचून कुणाचेही हात शिवशिवतील. पण ते काम पुरातत्त्व खात्याचं. संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्या स्वतःच्या जमिनीतही मोकळं रान नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ही दहा रुपयांची मर्यादा राणीच्या राज्यातली आहे! न कळवल्यास वाटा तर जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कर्नाटकात राज्याचा १९६२ चा स्वतंत्र कायदाही आहे. कालच हरवलेली आपली अंगठी या कशात बसत नाही. चांदीच्या जुन्या रुपयांचा गाडगाभर ठेवा मात्र बसतो.

दुसरी जोखीम ‘पन्नास फूट खोल सोनं दाखवणाऱ्या’ यंत्रांची. छंदाच्या चांगल्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू साधारण आठ-दहा इंचांपर्यंत कळते, हंड्याएवढी त्याहून थोडी खोल. त्यापलीकडचं सांगणारा फसवतोय, मग त्याच्या हातात लिंबू असो की लुकलुकणारा अँटेना. ब्रिटनमधल्या जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या व्यापाऱ्याने गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यासारखी वस्तू बॉम्बशोधक म्हणून इराकला विकली. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, पण तोवर तपासणी नाक्यांवरचे शिपाई तीच दांडी हातात धरून उभे होते. आपल्याकडे गुप्तधनाच्या नावाने चालणाऱ्या अघोरी प्रकारांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने चाप लावला आहे, तरी खड्डा खणून घेणारे बाबा आणि अँटेनावाले दुकानदार या दोघांनाही गिऱ्हाईक मिळतच असतं.

खरेदीआधी घरातल्याच चार वस्तू घेऊन पाहाव्यात: स्टीलचा रुपया, चॉकलेटची चांदी, एक अंगठी आणि एक बारीक साखळी. कुंडीतल्या लाल मातीत त्या चार बोटं खोल पुरून यंत्र वरून फिरवायचं. दुकानदार कुंडी ठेवू देत नसेल, तर ज्याच्याकडे यंत्र आहे अशा परिचिताचं एका दुपारपुरतं मागून आणावं. तेवढ्यात वाटीही सापडली, तर विकत घेण्याची गरजच उरणार नाही.