तंबोऱ्याचा जीव

आमच्या नालवाडीच्या घरी दिवाळीची झाडलोट निघाली, की आईचा तंबोरा कोपऱ्यातून पलंगावर यायचा आणि पुसून झाला की पुन्हा कोपऱ्यात जायचा. आई गेल्यापासून त्याला एवढेच काम! लेक गाणे शिकते, तेही मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर. गेल्या दिवाळीत मात्र तिने गवसणी काढून तारा छेडल्या. भांडे आपटल्यासारखा आवाज आला.

"आजीचा तंबोरा असाच बोलायचा?" तिने विचारले. मला काही उत्तर देता येईना.

शेवटी वर्ध्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने आम्ही मायलेकी तंबोऱ्यासह मिरजेला गेलो. तो मूळचा तिथलाच. वाचकहो, मिरजेचे हे कारागीर म्हणजे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले आणि १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांसारख्यांनी तंतुवाद्ये हाती घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण जवारी मानांकनाने लागत नाही. ते काम कानाचे.

म्हाताऱ्या कारागिरांनी घोडीवरून बोट फिरवले. "ताई, तारांनी चरे पाडलेत. तार चऱ्यात अडकली, की गुंजत नाही. घासावी लागेल."

मला चर्र झाले. ते चरे आईच्या चाळीस वर्षांच्या रियाजाचे! "तेवढे राखून नाही का जमणार?"

"जपायचा असेल तर असाच न्या. गायचा असेल तर घासतो."

मी लेकीकडे पाहिले. ती म्हणाली, "घासा, चाचा."

मग कानस फिरू लागली. चार वेळा घासायचे, तार चढवायची, ऐकायचे, पुन्हा उतरवायची. एक केसभर जास्त घासले गेले, तर सगळेच मुसळ केरात! दुपार टळली तेव्हा घोडीला हवा तसा उतार आला. आईचे चरे भुग्यात गेले होते.

फ्रान्समध्ये मीरकूर नावाचे व्हायोलिन करणाऱ्यांचे जुने गाव आहे. व्हायोलिनच्या पोटात एक लाकडी कांडी सरसाशिवाय, नुसत्या दाबावर उभी असते. ती जरा सरकली, की आवाज बदलतो. फ्रेंच लोक तिला 'आत्मा' म्हणतात. आपल्याकडे तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवतात त्या दोऱ्याला म्हणतात 'जीव'. इतक्या दूरच्या कारागिरांना नाव मात्र एकच सुचावे!

"दोरा आहे का?" चाचांनी विचारले.

गवसणीच्या खिशात आईची गुंडी होती. विनोबांनी १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ काढले ते आमच्या नालवाडीतच. आईही टकळीवर सूत काढी. त्यातलाच तुकडा चाचांनी तारेखाली घातला आणि हलकेच सरकवला. षड्ज भरून उठला. लेकीने डोळे मिटून 'सा' लावला.

घोडी नवी झाली, गळाही नवा. जीव तेवढा आईचा राहिला.