पॉवरचा आकडा आणि पसरणीचा घाट

गाडी घ्यायला आलेला माणूस शोरूममध्ये दोन प्रश्न हमखास विचारतो: ॲव्हरेज किती देते आणि पॉवर किती? सेल्समन माहितीपत्रकातले दोन आकडे दाखवतो, ‘व्हीव्हीटी इंजिन आहे साहेब’ असं वर टाकतो आणि व्यवहार पुढे सरकतो. साताऱ्यात पेट्रोल गाड्यांचं गॅरेज चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझं मत असं, की व्हीव्हीटीचं (व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचं) खरं काम त्या दोन आकड्यांत दिसतच नाही, आणि ते दाखवायला गिऱ्हाइकानं कंपन्यांना भाग पाडलं पाहिजे.

हे काम आहे व्हॉल्व्हच्या वेळेचं. क्रँक दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. जुन्या इंजिनात ही वेळ टायमिंग चेननं कायमची बांधलेली असे. पण एकच वेळ इंजिनाला सगळीकडे मानवत नाही. पाच-साडेपाच हजार आरपीएमला हवा इतक्या वेगानं आत येत असते, की पिस्टन वर निघाला तरी ती येतच राहते. एसटीत माणसं धावत चढत असताना कंडक्टरनं दार जरा उशिरा ओढलं, तर आणखी चारजण आत येतात; तसा इथे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटलेला बरा. कमी आरपीएमला मात्र हवेला धाव नसते. तेव्हा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर आत आलेली हवा पिस्टनच बाहेर ढकलतो आणि गाडी दम धरत नाही. म्हणून पूर्वीचे इंजिनिअर मधली एक वेळ ठरवून मोकळे होत.

व्हीव्हीटीनं ही तडजोड बरीच कमी केली. कॅमशाफ्टच्या टोकाला फेजर बसवतात, त्यात इंजिनाचंच ऑइल दाबानं सोडतात आणि ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, हुकमानं कॅमशाफ्ट काही अंश पुढेमागे होतो. 1980 साली अल्फा रोमिओनं व्हॉल्व्हची वेळ बदलण्याचं तंत्र स्पायडर गाडीत आणलं, त्यामागे अमेरिकेतले प्रदूषणाचे नियम होते. पॉवरचा गाजावाजा झाला तो होंडामुळे. 1989 च्या इंटिग्रात 1.6 लिटरच्या इंजिनातून टर्बोशिवाय 160 अश्वशक्ती निघाली. पण तिथे वेळेबरोबर व्हॉल्व्ह किती उघडायचा हेही बदलत होतं, कारण कॅमचे आकारच दोन होते. आपल्या घरगुती गाड्यांत बहुधा फक्त वेळ सरकते.

उदाहरणच घ्या. 2011 च्या नव्या स्विफ्टमध्ये 1.2 लिटरच्या पेट्रोल इंजिनाला व्हीव्हीटी आलं. पॉवर 85 पीएसवरून 87 झाली, टॉर्क 113 वरून 114 न्यूटन-मीटर. एवढ्यासाठी कुणी गाडी बदलणार नाही. पण तो कमाल टॉर्क आधी 4500 आरपीएमला मिळायचा, तो 4000 ला मिळू लागला. फायदा आहे तो हा. कंपनीनं सांगितलेला ॲव्हरेज 18.6 झाला, म्हणजे साधारण 4 टक्के वाढला; त्यातही गाडी हलकी केल्याचा वाटा होता.

वाईहून पसरणीचा घाट चढताना गाडीत चार माणसं, एसी चालू आणि पुढे एसटी असते. इंजिन दोन-तीन हजारांच्या मध्ये घुटमळत असतं. सहा हजारला मिळणारी कमाल पॉवर तिथे काय कामाची? तिथे लागतो खालचा टॉर्क, आणि माहितीपत्रक नेमकं त्याबद्दल गप्प बसतं.

पेट्रोलची बचतही अशीच मधल्या चालीत होते. सपाट रस्त्यावर निवांत चालवताना थ्रॉटल जेमतेम उघडा असतो आणि हवा ओढायलाच पिस्टनला जोर लावावा लागतो. व्हॉल्व्हची वेळ बदलून हा जोर कमी करता येतो. टोयोटानं 1997 च्या प्रियसमध्ये इनटेक मुद्दाम उशिरा मिटवून हेच साधलं. पण साध्या गाडीत ही बचत थोड्या टक्क्यांचीच. सारखा ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याला ती दिसणारही नाही.

आणि ऑइलची हेळसांड करणाऱ्याच्या हाती ती लागायचीच नाही. फेजर ऑइलवर चालतो, त्याच्या कंट्रोल व्हॉल्व्हला बारीक जाळी असते. ऑइल बदलायला टाळाटाळ केली की तिथे गाळ धरतो, फेजर अडकतो, गाडी न्यूट्रलला थरथरते, चेक इंजिनचा दिवा लागतो. ‘जाड ऑइल घाल, आवाज बसेल’ म्हणणारे गिऱ्हाईक मला नेहमी भेटतात. अशा इंजिनात जाड ऑइल म्हणजे फेजरची चाल मंदावणं.

कंपन्यांकडे इंजिनाचा पूर्ण टॉर्क-आलेख तयारच असतो. तो माहितीपत्रकात छापायला कागदाची अर्धी बाजू पुरेल. सरकारनंही ॲव्हरेजच्या आकड्याशेजारी तो छापणं सक्तीचं करावं. तोवर तुम्ही सेल्समनला विचारा, ‘दोन हजार आरपीएमला टॉर्क किती?’ उत्तर आलं नाही, तर टेस्ट ड्राइव्हला गाडी चढावर न्या, घरची माणसं बसवा आणि तिसऱ्या गिअरमध्ये ती कशी उचलते ते पाहून मगच पैसे भरा.